चौथी शीट

४ मार्च

चि. सोट्या,

आशीर्वाद शेवटी देते, आधी कामाचं.

तुझ्या डोक्याचे फोटो काल कुरिअरने मिळाले. वीस वर्षं मी लोकांना एमआरआयच्या मशीनमध्ये झोपवते, "हलू नका" म्हणते आणि चित्र आलं की तोंड मिटून घेते, कारण निदान सांगणं टेक्निशियनचं काम नाही. तेव्हा निदान मी सांगत नाहीये. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलेलं लिहितेय.

डाव्या बाजूला, वरच्या अंगाला एक ठिपका आहे. चौदा मिलिमीटरचा, साबणाच्या फेसासारखा बुडबुड्यांचा. दुकानाची पाटी रंगवताना तुझा उजवा हात आपोआप उडाला आणि अक्षराची शेपूट शेजारच्या शटरवर गेली, ती बहुतेक त्याच्यामुळे. हात चालवणारा भाग त्याला अगदी लागून आहे.

डॉक्टर म्हणाले, हे दोनांपैकी एक. एक गाठ अशी असते की वर्षानुवर्षं गुपचूप पडून राहते. वाढत नाही, तिला हात लावायचा नाही. ती इतकी दुर्मिळ की डॉक्टरांनी उभ्या नोकरीत दोनदाच पाहिली. दुसरी दिसते जवळजवळ अशीच, पण वाढते. ती लगेच काढावी लागते. आजच्या एका फोटोवरून यांतली कोणती ते कळत नाही. जुना फोटो शेजारी ठेवला की कळेल. ठिपका तेव्हाही एवढाच असेल तर आपण सुटलो.

सात वर्षांपूर्वी शिडीवरून पडलास तेव्हा एमआरआय काढला होता. फिल्मच्या चार शीट होत्या, प्रत्येकीवर बरीच छोटी चित्रं. तपकिरी पाकिटात घालून, वर "जपून ठेव" असं लिहून मी ते तुझ्या हातात दिलं होतं. ते सेंटर केव्हाच बंद पडलं, त्यांचं सगळं भंगारात गेलं. मी चौकशी केली. म्हणजे तो फोटो जगात फक्त तुझ्या घरी आहे. मिळाल्याबरोबर पाठव.

अनेक आशीर्वाद.

तुझी ताई

—

११ मार्च

ती. ताईस,

नमस्कार आधी करतो, म्हणजे मोठी असल्याचं समाधान तुला लगेच मिळेल.

पत्र वाचलं. हिला वाचून दाखवलं तेव्हा ठिपक्याच्या पुढचं जरा भरभर वाचलं. हात आता ठीक आहे. कालच एका शाळेची कमान रंगवली, चौतीस अक्षरं, एकही हललं नाही. तुमचं मशीन मात्र काय आहे गं! वीस मिनिटं कानाशी कुणीतरी पत्र्याचं पिंप बडवतंय आणि वर म्हणे हलू नका. नाकाला खाज सुटली होती. तुझी आठवण काढून सहन केली.

पाकिटाचं म्हणशील तर घर बदललं तेव्हा बरंचसं सामान माळ्यावर गेलं. तिथे असेल. बघतो. या आठवड्यात दोन मोठी कामं आहेत, त्यातून मोकळा झालो की बघतो.

आणि फोन करू नकोस. खालच्या औषधवाल्याकडे जाऊन बोलायचं म्हणजे माझं डोकं सगळ्या गिऱ्हाइकांना पाठ होतं. शिवाय फोनवर तू बोलूच देत नाहीस. पत्रात निदान माझं वाक्य पुरं होतं.

तुझा सोट्या

—

१६ मार्च

सोट्या,

"बघतो" म्हणजे काय? पाकीट आहे ते, काही डोंगर नाही. माळ्यावर चढायचं, काढायचं, कुरिअरवाल्याला द्यायचं. एवढ्याला तुला दोन मोठी कामं आडवी येतात?

नीट ऐक. जुना फोटो नसेल तर डॉक्टरांपुढे दोन वाटा उरतात. एक, तीन महिने थांबायचं आणि परत फोटो काढायचा. गाठ वाढणारी निघाली तर ते तीन महिने फुकट गेले. दुसरी, डोकं उघडून तुकडा काढायचा आणि तपासायचा. सर्जनला मी विचारलं, हाताचं काय? ते म्हणाले, काळजी घेऊ. मी त्यांच्याबरोबर बारा वर्षं काम करतेय. "काळजी घेऊ" ते केव्हा म्हणतात ते मला माहीत आहे.

तुझा उजवा हात आहे तो. त्यावर तुझं घर चालतं, आणि घर सोड, ब्रश हातात नसला की तू कसा होतोस ते मी लहानपणापासून पाहिलंय.

चिडून चिडून आज मशीनच्या खोलीपुढची जमिनीवरची सूचना परत रंगवायला घेतली. "धातू इथेच ठेवा". लोकांच्या चपलांनी सहा महिन्यांत पुसली जाते. तू करून दिलेल्या स्टेन्सिलने दहा मिनिटांत झाली. तुझी वस्तू कामाला येते, तू येत नाहीस.

एकवीस एप्रिलची ऑपरेशनची तारीख धरून ठेवलीय. फोटो आला तर सोडता येईल.

ताई

—

२३ मार्च

ती. ताईस,

पाकीट सापडलं. तुझं अक्षर आहे त्यावर. पण आत रंगांच्या नमुन्यांची कार्डं निघाली. शीट कुठेतरी बाजूला ठेवल्या असणार. शोधतोय.

एक विचारू? वीस वर्षं तू डोकी बघतेस. डॉक्टर नसलीस तरी तुला दिसतंच ना? मी पाटी लांबून बघून सांगतो की ही ओल्या भिंतीवर रंगवलीय, वर्षभरात पोपडे येणार. मग तुला नवा फोटो बघून सांगता येत नाही की ही पडून राहणारी आहे का वाढणारी? जुन्याचंच काय एवढं अडलंय?

हिने सांगितलंय की ताईंना माझा नमस्कार लिहा. लिहिला.

सोट्या

—

२७ मार्च

सोट्या,

मला दिसत नाही! दिसलं असतं तर तुझ्यापुढे अशी हात जोडत बसले असते का? दोन्ही गाठी सारख्या दिसतात. एकाच दिवसाचा फोटो बघून माणूस उंच होतोय का थांबलाय, ते सांगता येतं का?

मी तुझं न ऐकता काल औषधवाल्याकडे फोन केला आणि तुझ्या बायकोला बोलावून घेतलं. ती म्हणाली, माळ्यावर हे चढलेच नाहीत. शिडी दोन आठवडे गच्चीतच पडून आहे. म्हणजे मला थापा मारतोयस. मी इथे रोज डॉक्टरांच्या दारात उभी राहते, "भाऊ पाठवतोय, उद्या येईल" म्हणते. ते आता माझ्याकडे कीव केल्यासारखं बघतात. मला कीव सहन होत नाही, तुला माहीत आहे.

घाबरलास ना? सरळ सांग. जुन्या फोटोत ठिपका नसला तर काय, याची भीती वाटतेय. मलाही वाटते. पण घाबरून पाकीट लपवणं हा काय प्रकार? तू काय सहा वर्षांचा आहेस, प्रगतिपुस्तक गादीखाली घालायला?

ताई

—

३१ मार्च

ती. ताईस,

भीती वाटते, पण फोटोची नाही, तुझी. म्हणून आता एका दमात लिहितो.

शीट मी कापल्या.

सहा वर्षांपूर्वी. तेव्हा पडल्याचं सगळं बरं झालं होतं, रिपोर्टमध्ये "काही नाही" असंच लिहिलं होतं. आणि स्टेन्सिलला फिल्मसारखी वस्तू नाही, ताई. पाण्याने फुगत नाही, सुरीने लोण्यासारखी कापते, वर्षानुवर्षं टिकते. धंद्यातले सगळे फिल्मच वापरतात. लोकांच्या फुप्फुसांवर आणि गुडघ्यांवर मी गावभरचे नंबर रंगवलेत. एक दिवस मोठ्या शीट कमी पडल्या, समोर पाकीट होतं. "जपून ठेव" वाचलं आणि मनात म्हटलं, वाया घालवण्यापेक्षा कामात जपू.

तीन शीटचे अंक केले, गाड्या लावायच्या जागांसाठी. शून्य ते नऊ. ते आहेत माझ्याकडे, अजून वापरतो. चौथ्या शीटचं काय केलं ते खरंच आठवत नाही. गिऱ्हाइकाला दिली असेल.

तू पहिलं पत्र लिहिलंस तेव्हाच मला कळलं होतं. लिहायला हात होत नव्हता. बसलो अंक मांडून, जुळतात का बघत. रंगाचे थर चढलेत, आत काही दिसत नाही. पण रंग एकाच बाजूला आहे. मी कायम चकचकीत बाजू वर ठेवतो, तिच्यावरचा रंग सुटायला सोपा पडतो. तू बघशील तर तुला काही लागेल. सगळे अंक लगेच पाठवतो.

आणखी एक लपवलं होतं. हात परवा पुन्हा उडाला. चहाचा कप होता, पाटी नव्हती, म्हणून कुणाला कळलं नाही.

सोट्या

—

३ एप्रिल

सोट्या,

पत्र ड्युटीवर वाचलं. पेशंट आत झोपलेला होता म्हणून ओरडता आलं नाही.

स्वतःच्या डोक्याचे फोटो कापून गाड्यांचे नंबर रंगवणारा माणूस जगात एकच असेल आणि तो माझाच भाऊ असावा. महिनाभर मला झुलवलंस! पहिल्या आठवड्यात सांगितलं असतंस तर आतापर्यंत तुकडे जुळवून झाले असते. कपाळावर हात मारून मारून माझंही स्कॅन करावं लागेल.

आता पुढचं नीट वाच, दोनदा वाच. ते अंक जसे आहेत तसे पाठव. धुऊ नकोस, पुसू नकोस, रंग काढायला जाऊ नकोस. चित्र फिल्मच्या निस्तेज बाजूवर असतं, एका पातळ थरात. तो थर गेला तर उरेल नुसतं प्लास्टिक. रंग चकचकीत बाजूला आहे हे नशीब. तो मी इथे सावकाश खरवडीन. औषधवाल्याकडे तीनदा फोन लावला, उचलत नाही. म्हणून हे पत्र जलद टपालाने टाकतेय.

कपाचं मी डॉक्टरांना सांगितलंय. त्यांनी लिहून घेतलं.

ताई

—

४ एप्रिल

ती. ताईस,

तुझं उत्तर यायच्या आत लिहितोय, कारण आता काही लपवायचं नाही असं ठरवलंय.

परवा अंक पाठवायला काढले. सहा वर्षांचा पांढरा, पिवळा, काळा रंग, एकावर एक चढलेला. तुझ्या मोठ्या डॉक्टरांपुढे असे गलिच्छ अंक ठेवणार? माझ्या हातून मळकी स्टेन्सिल कधी कुणाकडे गेली नाही. म्हणून नेहमीसारखे पिंपात कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजत घातले. तासाभरात रंग सुटतो. तेवढ्यात कमानवाले आले, त्यांच्याबरोबर गेलो, संध्याकाळी परतलो.

रंग सुटला. चित्रही सुटलं. दहाच्या दहा अंक काचेसारखे लख्ख, पलीकडची भिंत दिसते. पिंपाच्या तळाशी बोटभर काळा गाळ होता. ताई, तो गाळ म्हणजे मी होतो.

हिने पिंपात वाकून बघितलं. पिंप उचललं आणि ओतायला नेलं. मी म्हटलं, राहू दे. ती म्हणाली, ठेवून काय करणार? तरी दोन दिवस तसंच ठेवलंय.

मला शिव्या दे, पण लवकर दे.

सोट्या

—

९ एप्रिल

सोट्या,

तुझं पत्र आलं आणि दुसऱ्या दिवशी तुझ्या बायकोचा फोन आला की माझं जलद टपाल तुला सात तारखेला मिळालं. म्हणजे मी "धुऊ नकोस" लिहीत होते तेव्हा तू आदल्याच दिवशी धुऊन मोकळा झाला होतास.

शिव्या देणार नाही. देऊन झाल्या, एकटीने, कपडे बदलायच्या खोलीत.

तुझा हा टापटिपीचा सोस मला लहानपणापासून ठाऊक आहे. वहीला डाग पडला की पान फाडायचास आणि मग गणितच हरवायचं. आईने किती मारलं तरी गेलं नाही. मला वाटायचं, या सोसामुळेच तुझी अक्षरं एवढी देखणी येतात. आता वाटतं, एवढं देखणं काही नकोच होतं.

डॉक्टरांनी आज सांगितलं की कपाचा प्रकार ऐकल्यावर तीन महिने थांबायची त्यांची हिंमत होत नाही. एकवीसची तारीख पक्की. वीसला सकाळी उपाशीपोटी इथे हजर व्हायचं. मी सर्जनना परत हाताचं विचारलं. ते परत "काळजी घेऊ" म्हणाले. मी म्हटलं, डॉक्टर, तो अक्षरं काढतो. ते म्हणाले, हो, तुम्ही सांगितलंय. किती वेळा सांगितलंय कुणास ठाऊक.

चौथी शीट आठव. कुणाला दिलीस? कसलं काम होतं? गिऱ्हाईक जिवंत असेल तर मी स्वतः त्याच्या दारात जाऊन उभी राहीन.

ताई

—

१२ एप्रिल

ताई,

कामाच्या जुन्या डायऱ्या काढल्या. प्रत्येक स्टेन्सिल कापायच्या आधी मी मजकूर डायरीत लिहितो आणि कुणासाठी तेही लिहितो. रात्रभर पानं उलटली. हिने दोन डायऱ्या वाचल्या, मी तीन.

हिला सापडलं. सहा वर्षांपूर्वीचा ऑगस्ट, दुसरा आठवडा. माझ्याच अक्षरात लिहिलंय, "मोठी फिल्म एक. मजकूर: धातू इथेच ठेवा. ताईसाठी. घाई आहे म्हणते."

चौथी शीट तुझ्याकडे आहे. वर्षातून दोनदा तूच तिच्यावर लाल रंग मारतेस.

धुऊ नकोस.

सोट्या

—

१७ एप्रिल

माझ्या सोट्या,

पत्र मिळालं तशी मी धावत सुटले. वीस वर्षांत या इमारतीत मी कधी धावले नाही, पेशंटना वाटलं आग लागली. स्टेन्सिल साफसफाईच्या कपाटात, बादलीमागे उभी होती. तुला बोल लावत होते त्या आठवड्यात मी ती माझ्या या हातांनी धरून रंगवली होती. नवं मशीन आलं तेव्हा "लवकर पाठव, लवकर पाठव" म्हणून तुझ्या डोक्यावर बसले होते तीही मीच. तुझ्या हाती दुसरी मोठी फिल्म नसणार. फिल्म आहे हे मला ठाऊकही होतं. कुणाची, हा विचार मनाला शिवला नाही. महिनाभर जे मी तुला बोलले त्यातलं निम्मं परत घेते. निम्मंच.

रंग चकचकीत बाजूलाच होता. देव तुझ्या सवयींचं भलं करो, काहींचं तरी. बारा थर होते. मी आणि डॉक्टर, दोघं पाळीपाळीने पात्याने खरवडत होतो. निस्तेज बाजू कागदावर पालथी ठेवली होती, पाण्याचा थेंब लागू दिला नाही. दोन दिवस गेले. मग उजेडाच्या पेटीवर लावली.

अक्षरांनी खूप काही खाल्लंय. "धातू"त चार चित्रं गेली, "इथेच"मध्ये सहा. पण "ठेवा"मधला ठ. त्याचं पोट सुटून पडू नये म्हणून दोन बारीक पट्ट्या ठेवून तू ते गोल जागच्या जागी धरलंस ना, त्या पोटात एक चित्र होतं. आणि त्या चित्रात, तुझ्या सुरीच्या अगदी कडेला, ठिपका होता. फेसाचा. अर्धा.

अर्धा तू सहा वर्षांपूर्वीच कापून टाकलास. सर्जन म्हणाले, यांनी आमच्या आधीच ऑपरेशन केलेलं दिसतंय. मी हसले आणि मग मला रडू आवरेना.

उरलेल्या अर्ध्याची कड डॉक्टरांनी शेजारच्या चित्रावर छापलेल्या मापाच्या पट्टीवरून मोजली. मग नव्या फोटोतली तीच कड मोजली. मग मला म्हणाले, आता तुम्ही मोजा. मी मोजली. सारखी आहे, सोट्या. केसाचाही फरक नाही. ती सात वर्षांपूर्वीही तिथेच होती, एवढीच होती. तेव्हा सगळे कवटी फुटली का हे बघत होते, तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

एकवीसचं रद्द झालंय. हात उडू नये म्हणून गोळी लिहून दिलीय, ती रोज न चुकता घ्यायची, आणि दर वर्षी एक फोटो. तो फोटो मी काढणार, इथे, आणि शीट माझ्याच कपाटात राहणार.

अनेक, अनेक आशीर्वाद. पहिल्या पत्रातले उरलेलेही यातच धर.

तुझी ताई

—

२२ एप्रिल

ती. ताईस,

तुझं पत्र हिने मला वाचून दाखवलं. मोजण्यापर्यंत आली आणि थांबली, मग पुढचं मी वाचलं. गोळी सुरू केलीय. पिंप धुतलं.

सोबत नवी स्टेन्सिल पाठवतोय. "धातू इथेच ठेवा". ही दुकानातून आणलेल्या कोऱ्या प्लास्टिकची आहे, कुणाच्याही डोक्याची नाही. हवी तेवढी रंगव.

चौथी शीट तुझ्या कपाटात ठेवू नकोस, मला परत पाठव. आता विश्वास कसा ठेवू, असं तू म्हणणार. पाकीट रिकामं केलंय, रंगांची कार्डं खोक्यात टाकली. त्यावरचं तुझं "जपून ठेव" उडून गेल्यासारखं झालं होतं. आज सकाळी बारीक ब्रश घेऊन ते गिरवलं, तुझंच वळण ठेवून.

हात हलला नाही.

तुझा सोट्या